भार म्हणजे नेमका कशाचा?

माझ्या नजरेतून चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ सुटला, असं कोणी सिद्ध करून दाखवलं, तर मी मिशी उतरवून देईन. चौतीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत भाषा शिकवली आहे. लग्नपत्रिका हातात आली की मी तारीख नंतर बघतो, आधी अनुस्वार बघतो. एकदा अंगात सणकून ताप असताना दवाखान्यातल्या ‘रुग्नांनी शांतता राखावी’ या पाटीवरचा ‘न’ खोडून मी ‘ण’ केला होता, आणि त्यासाठी बाकावर चढलो होतो. डॉक्टरांनी उतरवून घेतलं आणि रक्तदाब दोनदा मोजला.

या खोडीने माझं आजवर काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या मुलीचं.

आमची मुलगी त्याच शाळेत शिकवते. नऊ वर्षं झाली. माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, पण हे मी घरात कबूल करत नाही. मला मिळायचा तो पगार, तिला मिळतं ते मानधन. या शब्दात मान आहे आणि धनही आहे, फक्त तिच्या हातात पडेपर्यंत दोन्ही गळालेलं असतं. दर अकरा महिन्यांनी तिला घरी बसवतात आणि महिन्याभराने नव्याने नेमतात. म्हणजे नऊ वर्षं शिकवूनही ती कागदावर कालच लागलेली. तापाने पडली तर त्या दिवसाचे पैसे जातात, म्हणून ती पडत नाही.

या वर्षी मात्र तिला आणि आणखी अकरा जणांना कायम करण्याचा विषय नगरपालिकेच्या सभेपुढे यायचा होता. चाळिशी उलटली की कायम करता येत नाही असा नियम आहे, आणि मुलीला एकोणचाळीस पूर्ण झालेली. सभेची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. भाजी निवडतानाही तिचं लक्ष त्या गोलाकडे जायचं.

अशात एका रविवारी सकाळी हार्डवेअरवाला घरी आला. कोपऱ्यावर त्याचं खिळे, नळ आणि रंगाच्या डब्यांचं दुकान आहे. माझा जुना विद्यार्थी. माझ्या विषयात दोनदा नापास झाला, आणि आता करदाता समितीचा अध्यक्ष आहे. हातात कागद होता.

“सर, सहीसाठी नाही आलो,” तो बाहेरच्याच खुर्चीत टेकत म्हणाला. “तुम्ही सही कशी करणार? निवेदन तुमच्याच लोकांविरुद्ध आहे. पण गल्लीत सगळ्यांना दाखवतोय, तुम्हाला वगळलं तर बरं दिसत नाही.”

“आमच्या लोकांविरुद्ध म्हणजे?”

“शिक्षण कर तीन वर्षांत तीनदा वाढला, सर. कशासाठी? शिक्षकांचे पगार आणि पेन्शनी. मी सकाळी आठला शटर उघडतो, रात्री नऊला पाडतो. मला कोण पेन्शन देणार आहे? मी त्या काउंटरवरच मरणार, आणि मेल्यावर बायको कर भरणार.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ‘पेन्शनी’ हा शब्द मात्र मला टोचला.

“आण इकडे,” मी म्हणालो.

एका पानात एकतीस चुका होत्या. पहिल्याच ओळीत ‘नगरपालीका’ दीर्घ, ‘शीक्षक’ दीर्घ, आणि पुढे ‘वाढऊ नये’. हा माणूस माझ्या हाताखालून गेला होता! उद्या नगरपालिकेत कोणी विचारलं असतं, याला भाषा कोणी शिकवली, तर माझंच नाव निघालं असतं. मी लाल पेन आणलं.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या पोटावर पाय देणारा कागद कशाला तपासला? पण माझा बेत पक्का होता. विचार पोकळ असला की तो चुकांच्या गर्दीत लपून बसतो. चुका काढल्या, वाक्यं सरळ केली, की पोकळपणा उघडा पडणार आणि हार्डवेअरवाला आपण होऊन कागद फाडणार. असा मी चौतीस वर्षांत कितीतरी निबंधांचा निकाल लावला आहे.

“हे बघ,” मी म्हणालो, “तू लिहिलंयस, ‘आमच्यावर नवा भार टाकू नये.’ भार म्हणजे काय? सिमेंटची गोणी आहे का?”

“म्हणजे कराचा भार, सर.”

“तो तर सगळाच भार झाला. नवा भार कोणता? मोघम लिहू नये, किती वेळा सांगितलं होतं वर्गात? भार नेमका कशाने वाढणार आहे?”

त्याने छताकडे बघितलं. पूर्वीही उत्तर येत नसलं की तो पंख्याकडे बघायचा.

“पगाराने?”

“पगार वरचं सरकार ठरवतं. नगरपालिकेच्या हातात तो आहे का? ज्याच्या हातात जे नाही, ते त्याच्याकडे मागायचं नाही. विचार कर. नगरपालिकेच्या हातात काय आहे?”

मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहण्याची मी शाळेत असताना फार वाट बघितली होती.

“सर... कोणाला नव्याने कायम करायचं, ते त्यांच्या हातात आहे. एकदा कायम केलं की पुढची तीस वर्षं पगार आणि मग पेन्शन. नवा भार म्हणजे तोच!”

“शाब्बास!” मी म्हणालो. “मग तसं लिही.”

खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे मुलगी नव्हती. कॅलेंडरही नव्हतं. होता तो फक्त दोनदा नापास झालेला विद्यार्थी, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं होतं. उत्साहाच्या भरात पुढचं वाक्य मीच सांगितलं, ‘सबब, मानधनावरील शिक्षकांना कायम करण्याचा विषय तूर्त स्थगित ठेवावा.’ वाक्य इतकं सुबक झालं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

तो गेल्यावर बायको आतून आली.

“अहो, काय शिकवत होतात त्याला?”

“वाक्यरचना.”

“आणि ते वाक्य कोणाबद्दल होतं?”

मी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात लपवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर निवेदन चिकटवलेलं होतं, ठळक अक्षरात छापून. खाली सह्यांसाठी कोरे कागद, आणि पेन सुतळीने खिळ्याला बांधलेलं. पूर्वीच्या निवेदनांवर वीस-पंचवीस सह्या व्हायच्या, कारण काय मागितलंय ते कोणाला कळायचं नाही. हे सगळ्यांना कळलं. दोन दिवसांत चारशे सह्या झाल्या.

मुलगी शाळेतून येताना वाचून आली.

“बाबा, कोणीतरी वकील गाठलाय त्यांनी,” चहा गाळताना ती म्हणाली. “एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

कोणी माझं लेखन इतकं वाखाणलं आणि मला आनंद झाला नाही, असं त्याआधी झालं नव्हतं.

मी दुकान गाठलं.

“अरे, तो दुसरा परिच्छेद काढून टाक. आधीचं मोघमच बरं होतं.”

“असं कसं, सर? तुम्हीच म्हणालात, मोघम लिहू नये.”

“माझी मुलगी आहे त्यात!”

हातातला नळ त्याने खाली ठेवला. चेहरा पडला त्याचा, खोटं कशाला बोलू. “मला सुचलंच नाही, सर. ताई माझ्या पोरीला शिकवतात. पोरगी घरी त्यांच्यासारखीच बोलते.” मग त्याने भिंतीवरच्या सह्यांकडे बघितलं. “पण आता चारशे लोकांनी वाचून सही केलीय. एकट्याने कसा बदलू?”

तेव्हा मी आयुष्यातला पहिला गैरमार्ग पत्करला. दुपारी जेवणासाठी दुकान बंद असतं. तेव्हा जायचं आणि ‘कायम’वर एखादी वेलांटी, ‘स्थगित’वर एखादा फाजील अनुस्वार टाकून वाक्य असं नासवायचं की नगरपालिकेला अर्थच लागू नये. भर उन्हात भिंतीपाशी उभा राहिलो, सुतळीचं पेन हातात घेतलं आणि ‘कायम’च्या ‘य’वर नेलं.

हात चालेना! मी मनाला बजावलं, मुलीचा प्रश्न आहे, घाल वेलांटी. हात तसाच थांबलेला. शुद्ध शब्द अशुद्ध करायची त्याला सवयच नव्हती. कपाळावरून घाम ओघळून नाकावर आला.

“सर, तुम्हीसुद्धा?”

मागे इस्त्रीवाली बाई उभी होती, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं.

“मी... जरा वाचत होतो.”

“पेन घेऊन? लाजू नका हो. शिक्षक असून करदात्यांची बाजू घेताय, मोठं मन लागतं त्याला.” आणि तिने समोरच्या सलूनकडे तोंड करून हाक मारली, “अहो, बघा, सरसुद्धा सही करतायत!”

सलूनमधून अर्ध्या दाढीचा एक गृहस्थ बाहेर आला. बँकेच्या रांगेतले दोघं आले. पाच मिनिटांत मी घेरला गेलो. आता या मंडळींना काय सांगणार होतो? मी निवेदनात चूक करायला आलोय? मी सही केली. अक्षर माझं नेहमीप्रमाणे वळणदार आलं.

संध्याकाळपर्यंत सह्या सातशेवर गेल्या. निवृत्त शिक्षकाने सही केली म्हणजे बाजू खरीच असणार, असं लोक एकमेकांना सांगत होते.

सभेला मी आणि मुलगी एकाच बाकावर बसलो होतो. तिने नवी पर्स आणली होती, नेमणुकीचा कागद दुमडावा लागू नये म्हणून मोठी. नगराध्यक्षाबाईंनी चष्मा लावून निवेदन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

“इतकं स्वच्छ निवेदन आमच्याकडे आजवर आलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मागणी काय आहे ते एका वाचनात कळतं. एका निवृत्त शिक्षकांचीही सही आहे, ही विशेष दखल घेण्याजोगी बाब आहे.”

कायदेविषयक अधिकारी उठून म्हणाले, “पगार आणि निवृत्तिवेतन यांना आपण हात लावू शकत नाही. पण दुसऱ्या परिच्छेदात जे मागितलंय, ते पूर्णपणे आपल्या अधिकारातलं आहे.”

हात वर झाले. नऊ विरुद्ध दोन. विषय एक वर्षासाठी स्थगित, म्हणजे मुलीच्या चाळिशीपलीकडे. सगळं मिळून चार मिनिटं लागली. त्यानंतर गटाराच्या झाकणांवर पाऊण तास चर्चा झाली.

घराच्या वाटेवर मुलीने ती मोठी पर्स दुमडून काखेत धरली होती. आमच्या फाटकाची कडी काढताना ती म्हणाली,

“बाबा, ‘सबब’ हा शब्द हल्ली कोण वापरतं?”

मी फाटक ढकललं.

“हार्डवेअरवाल्याला तो माहीत असणं शक्य नाही. तो तुमच्याकडे नापास झालाय.”

“मी फक्त भाषा तपासली गं.”

“सहीसुद्धा भाषा तपासायलाच केली का?”

मी तिला सगळं सांगितलं. भिंत, वेलांटी, इस्त्रीवाली बाई. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर ती पोट धरून हसली असती. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि कॅलेंडर भिंतीवरून उतरवून कपाटावर टाकलं. मला लाज वाटली. विद्यार्थ्यांपुढे, साहेबांपुढे कधी वाटली नव्हती, इतकी स्वतःच्या स्वयंपाकघरात वाटली. त्या महिन्याचं माझं निवृत्तिवेतन मात्र एक तारखेला बिनचूक जमा झालं.

महिन्याने हार्डवेअरवाला पुन्हा दारात. मान खाली.

“सर, ताईंचं वाईट वाटतं. आणि कर तर एका पैशानेही कमी झाला नाही.”

“का?”

“आम्ही नगरपालिकेत जाऊन विचारलं. ते म्हणाले, तात्पुरत्या शिक्षकांमुळे कराला धक्काही लागत नाही. खरा भार पेन्शनचा आहे.” त्याने पिशवीतून कागद काढला आणि दोन बोटांत धरून ठेवला. “समितीने आता थेट वरच्या सरकारला लिहायचं ठरवलंय. तुमच्याबद्दल नाही हं, सर. एकंदर निवृत्त शिक्षकांबद्दल. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. सगळे म्हणाले, सरांनाच दाखव.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी माझ्यासमोर टेबलाशी वह्या तपासत बसली होती. या महिन्यात ती सक्तीने घरी, तरी वह्या आणल्याच होत्या. तिने मान वर केली, हातातलं लाल पेन टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

“द्या तपासून, बाबा. या वेळी निदान ज्याच्या हातून लिहिलं जाईल, त्याचेच पैसे जातील.”

मी कागद घेतला. नाही म्हणायचं ठरवूनच घेतला होता. पहिली ओळ वाचली. ‘निवृत्तिवेतन’ त्याने तोडून दोन शब्दांत लिहिलं होतं, आणि ‘त्ति’ला दीर्घ वेलांटी.

मी पेनाचं टोपण काढलं. आता तुम्हीच सांगा, हे असं कसं सोडायचं?