डोळे मिटून ऐकण्याचा नियम

शेवगावच्या संगीत मंडळाने आराधनाचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा तिचं संगीत ऐकताना श्रोत्यांनी नेमकं कसं दिसावं, हा गंभीर प्रश्न उपस्थित झाला. आराधना ही इथल्याच निवृत्त शिक्षक प्रभुदास सरांची मुलगी. पुण्यात राहून ती नव्या वळणाचं शास्त्रीय संगीत रचते. दोन व्हायोलिन आणि एक हार्मोनियम यांच्यासाठी केलेल्या तिच्या रचनेला परदेशात बक्षीस मिळालं होतं. त्यामुळे रचना उत्तम असल्याबद्दल मंडळात दुमत नव्हतं. ती अजून कोणी ऐकलेली नव्हती.

तालमीला अध्यक्ष गोरक्षनाथराव आणि चिटणीस अजिनाथ हजर राहिले. व्हायोलिन एकाच सुरावर बराच वेळ घासत राहिली. हार्मोनियमची पट्टी अर्धवट दाबलेली, त्यामुळे सुराऐवजी नुसती हवा बाहेर पडायची, थांबायची, पुन्हा पडायची. अजिनाथने मान डोलवायला घेतली; पण ताल सापडेना, म्हणून मान मध्येच अडकली.

"प्रकरण अवघड आहे," अध्यक्ष बाहेर येऊन म्हणाले. "आपल्याला कळलं नाही, हे एक वेळ चालेल. पण आपल्याला कळलं नाही, हे पुण्याहून येणाऱ्या समीक्षकांना कळता कामा नये."

सबब असं ठरलं, की ज्यांना संगीत कळतंय त्यांनी डोळे मिटून ऐकावं. ज्यांना कळत नाही, त्यांनी उघडे ठेवायला मंडळाची हरकत नव्हती.

"घरच्यांना काही सवलत?" प्रभुदास सरांनी विचारलं.

"सर, घरच्यांनी तर सगळ्यात आधी मिटायचे," अध्यक्ष म्हणाले.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. वादक बसायच्या आतच पहिल्या रांगेने डोळे मिटले. दुसऱ्या रांगेच्या हे मनाला लागलं. तिने मिटून वर कपाळाला आठ्याही घातल्या. एका व्यापाऱ्याला फोन आला, तो त्याने डोळे मिटूनच घेतला आणि कांद्याचा भाव अत्यंत हळव्या आवाजात सांगितला. आराधनाचा चुलतभाऊ जस्टिन व्हिडिओ काढायला उभा होता. त्यानेही डोळे मिटले. व्हिडिओत पुढे बराच वेळ पंखा दिसतो.

रचना संपली.

ती संपल्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. आधी डोळे उघडावेत, तर कळत नाही असा अर्थ व्हायचा. सभागृह अध्यक्षांच्या टाळीची वाट पाहत होतं, अध्यक्ष समीक्षकांच्या, समीक्षक घरच्यांच्या. वादकांनी व्हायोलिन पेटीत ठेवली. आराधना मंचावर उभी राहून मिटलेल्या डोळ्यांच्या रांगा पाहत होती. शेवटच्या रांगेत तिची दीना मावशी बसली होती. एसटी चुकल्यामुळे ती उशिरा पोचली होती आणि नियम तिला ठाऊक नव्हता. तिचे डोळे सताड उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"आराधना," मावशी उभी राहून ओरडली, "हे काय वाजवलंस गं! ही आक्का हाय. दवाखान्यात शेवटी अशीच धापत हुती. मला न्हाई ऐकवत. पुन्यांदा वाजवू नको!"

आराधनाच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती दोन्ही वर्षं आराधना हाच श्वास लिहीत होती. ती मंचावरून खाली धावली.

पण आवाजाने सगळ्यांचे डोळे उघडले होते. "बाहेर घ्या त्यांना!" अध्यक्ष म्हणाले. आराधना पोचायच्या आत स्वयंसेवकांनी मावशीला आदराने दाराबाहेर नेलं. आराधना मागे निघाली, तर अजिनाथ शाल घेऊन आडवा आला. गोरक्षनाथरावांनी एका अरसिक बाईच्या वर्तनाबद्दल तालुक्याच्या वतीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

"अहो, ऐकलं फक्त तिनंच," आराधना म्हणाली.

"किती हा विनय!" अध्यक्ष म्हणाले. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. रचनेच्या शेवटची प्रदीर्घ शांतता हा तिचा सर्वांत धाडसी भाग आहे, असं पुण्याच्या समीक्षकांनी पुढे लिहिलं.

दुपारी जेवणाला नातेवाईक जमले. जस्टिन म्हणाला, "एकदम इंटरनॅशनल!" प्रभुदास सर भाकरी नुसती कुस्करत बसले होते.

"बाबा, तुम्हाला ओळखू आलं नाही?" आराधनाने हळूच विचारलं.

"पहिल्या श्वासालाच आलं, बाळा."

"मग मावशीला नेलं तेव्हा उठला का नाहीत?"

सर ताटाकडे बघत म्हणाले, "पहिल्या रांगेत होतो गं."

दुसरा प्रयोग श्रीगोंद्याला झाला. आराधनाने मावशीसाठी खुर्ची मागितली. आयोजकांनी शिस्तीच्या कारणास्तव नम्र नकार दिला. सभागृह मात्र खच्चून भरलं होतं. सगळी आपल्यासारखीच जाणती मंडळी, डोळे मिटून बसलेली.