सोपानरावांचा काळा ओटा

सोपानरावांच्या घरी गेलात की चहाच्या आधी दगड. तुमचा पंजा धरायचा, खिडकीत बसवलेल्या काळ्या फरशीवर दाबायचा आणि तोंडाकडे बघत विचारायचं, "लावा हात! गार हाय का न्हाई?" गार आहे म्हटल्याशिवाय हात सुटत नसे. एकदा एक विमा एजंट आला होता, त्याला तर गालसुद्धा टेकवायला लावला. बिचारा पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

ही दापोडीतली गोष्ट, सत्तरच्या आसपासची. भिंतीला भिंत लागून आमची घरं. कंपनीत ते फिटर, मी टाइमकीपर. बाकीचे लोक भंगारात पितळ शोधतात, हा गृहस्थ पाटीचा दगड शोधायचा! शाळेत आपण ज्यावर अआइई गिरवलं ना, तोच काळा गुळगुळीत दगड. कुठे जुनं साहेबी बांधकाम पाडतायत असं कानावर आलं, की शिफ्ट सुटल्या सुटल्या यांची सायकल तिकडे. उंबरा होता पाडलेल्या बंगल्याच्या छपराचा. मोरी होती कुठल्याशा गिरणीच्या दगडी स्विचबोर्डाची. त्या बोर्डाला स्क्रूची भोकं होतीच. "पाणी जायाची सोय आयतीच की, राव!"

त्यांच्या बायकोला, कौसल्यावहिनींना, हे सगळं कपाळावर हात मारून बघावं लागे. "एक सवत परवडली असती," त्या माझ्या बायकोला म्हणायच्या, "यांनी तिचं अख्खं खानदान आणलंय!"

मग वहिनी नळावर घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, उजव्या हातात काठी आली, पण खाली बसणं कायमचं गेलं. आणि आमच्याकडे तेव्हा सगळ्यांच्याच घरी स्वयंपाक खाली बसून. वहिनी चाकणला भावाकडे गेल्या आणि तिकडून निरोप आला, "मला बसता येत न्हाई. त्या घरात येऊन काय भिंतीला टेकून उभी राहू? हितंच बरी हाय." भाऊही म्हणाला, राहू द्या तिला. दसरा गेला, दिवाळी गेली. सोपानराव डब्यात पाव आणू लागले. वहिनींचं विचारलं की म्हणायचे, "येईल." बास! दगडावर तासभर बोलणारा माणूस बायकोचा विषय एका शब्दात मिटवायचा. गल्लीत सगळे धरून चालले, की आता काही वहिनी येत नाहीत.

आणि एका रविवारी सकाळी माझ्या दारावर धाडधाड. "टायमकीपर, उठा! बिलियर्डचं टेबल आलंय!"

खडकीच्या बाजूला एका जुन्या क्लबानं मोडकं बिलियर्डचं टेबल भंगारात काढलं होतं. लाकूड कुणी नेलं, हिरवं कापड कुणी नेलं, राहिला खालचा दगड. मला तरी कुठे माहीत होतं, की त्या कापडाखाली दगड असतो! चांगला दोन बोटं जाड, आरशासारखा सपाट. एक टोक फुटलेलं आणि दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्याला, जिथून चेंडू पिशवीत पडतो तिथं, गोल चावा घेतल्यासारखी खाच.

आम्ही चौघांनी तो हातगाडीवर घातला. रेल्वेचं फाटक नेमकं बंद! पण सोपानरावांना आनंदच झाला. खोळंबलेले सायकलवाले, दूधवाले, सगळ्यांना बोलावून हात लावायला लावले. एका बैलानं जीभ फिरवली, तर हे नाचायचेच बाकी. "बगा, बैलालाबी पटलं!"

घरात दगड वळेना. दुसरा कुणी गप्प बसला असता. यांनी पहार घेतली आणि मधल्या दाराची चौकटच उपटली.

गवंडी ओट्यासाठी विटा रचायला लागला तेव्हा उंचीवरून वाद. गवंडी म्हणे, एवढा ठेंगणा ओटा कुणी करतं का? मी डोकावलो तर काय बघतो! सोपानराव गुडघे वाकवून निम्मे झालेले, आणि तसेच उभे राहून हवेत भाकरी थापतायत. मला हसू आवरेना.

"हे काय नाटक?"

"ती माझ्या खिशापातुर येती," ते शर्टाच्या खिशावर बोट ठेवून म्हणाले, आणि पुन्हा वाकून थापायला लागले.

माझं हसणं तिथंच थांबलं. अरे, या खेपेला हा माणूस दगडाचं बोलतच नव्हता!

दगड चढवला. गवंड्यानं शहाणपणानं खाच मागे भिंतीकडे लपवली. सोपानराव ओरडले, "फिरवा! खाच पुढं पायजे, उजव्या हाताला!" चौघांनी पुन्हा उचलला, फिरवला, ठेवला. पाठीचा काटा ढिला झाला. नंतर आठवडाभर मी वाकून चाललो. गवंडी म्हणाला, निदान सिमेंटनं बुजवू. तर त्याच्या हातातली थापीच काढून घेतली!

पुढच्या रविवारी ते एसटीनं चाकणला गेले. "नुसतं बगून जा" म्हणाले असणार, कारण वहिनी रिकाम्या हातानं आल्या. पिशवीसुद्धा नव्हती. गल्ली सगळी दारात. वहिनी काठी टेकत आत गेल्या, ओट्यासमोर उभ्या राहिल्या. आज कुणाचाही हात दगडावर दाबला गेला नाही. सोपानराव भिंतीशी उभे. मी मनात गणपतीला नारळ बोलून टाकला.

वहिनींनी परात पुढे ओढली. एका हातानं पीठ मळता येईना. इकडे तिकडे बघितलं आणि काठी त्या खाचेत टेकवली. काठी बसली. हललीसुद्धा नाही. दोन्ही हात मोकळे झाले, ओटा कोपरांना अगदी बेताचा आला. पीठ मळता मळता, मागे न बघताच त्या म्हणाल्या,

"काठीला जागा ठिवली व्हय?"

"दगडातच हुती ती," सोपानराव म्हणाले.

आमच्या चौघांच्या पाठींना खरं काय ते ठाऊक होतं. पण तोवर भाकरीचा वास सुटला होता.