बैलांनी खाल्लेला ताणा

अमरावतीच्या कोष्टीपुऱ्यात माझ्याइतका पक्का ताणा कुणाचाच नसतो! हे मलाच सांगावं लागतं, कारण बाकीचे जळतात.

तिकडे अमेरिकेत गोरे एकमेकांशी लढत होते, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे दर्यापूरचे शेतकरी बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होते. सगळा कापूस मुंबईच्या बोटीवर! आम्हा कोष्ट्यांना सूत मिळेना. घरात उरलं होतं ते एका लुगड्यापुरतं, तेही आमच्या शकुनच्या लग्नाचं. आमच्यात नवरीचं लुगडं बाप विणतो, व्याही, आमच्या बोलीत इवाई, ते उन्हात धरून पारखतो आणि पटलं नाही तर सोयरीक मोडतो. आमचे होणारे व्याही किसनराव आठ दिवसांनी येणार होते. त्यांनी याआधी दोन सोयरिकी मोडल्या होत्या.

म्हणून मी गल्लीभर ताण्याचे उभे धागे ताणले आणि त्यांना ज्वारीच्या पिठाची ताजी खळ चोपडली.

"अवो, कापसाच्या गाड्या याच गल्लीतून जाऊन रायल्या," आमची ही, गोदाबाई, म्हणाली. "अंगनात ताना."

"अंगनात? आधी ताना, मंग कापूस! गाडीवाले थांबतीन!"

थांबले! दर्यापूरचे महादेवराव थांबले, त्यांच्या मागे वीस गाड्या थांबल्या.

"जानराव, काहून रस्ता अडवून रायले?" महादेवराव ओरडले.

मी गल्लीच्या मधोमध उभा राहून त्यांना कोष्ट्यांच्या पिढीजात कलेवर व्याख्यान दिलं. लोक शांतपणे ऐकत होते. बैल तर त्याहून शांत. मला त्यांचं कौतुकच वाटलं.

"बाबा, मांगं पाहा!" शकुन किंचाळली.

चांदीच्या शिंगांचे दोन बैल माझा ताणा खळीसकट चघळत होते! निम्मं लुगडं पोटात, उरलेलं चाकाला गुंडाळलेलं. 

महादेवराव दिलदार माणूस. "लागन तेवढा कापूस घ्या!"

"कापूस घेऊन काय करू? आठ दिवसांत सूत कोन काढन?"

मग त्यांनी बैलाच्या पाठीवरची झूल काढली. "हे घ्या मंग. तुमच्याच घरचं लुगडं हाय."

खरंच होतं! शकुनने शिकताना विणलेलं पहिलं लुगडं. 'हे बैलालेच शोभन' असं म्हणून मीच ते त्यांना विकलं होतं. पोर दोन दिवस जेवली नव्हती.

गोदाबाईने त्याचे गोंडे उसवले, तीनदा धुतलं. किसनराव आले. लुगडं उन्हात धरलं, उलटंपालटं केलं, काठ नखाने खरवडला. मी सगळ्या देवांना कामाला लावलं.

"इवाई," ते म्हणाले, "असं लुगडं म्या वऱ्हाडात नाई पायलं! कोनं इनलं?"

मी घसा खाकरला. "त्याचं असं हाय..."

"म्या!" शकुन म्हणाली.

झालं, मोडली सोयरीक! मी डोळे मिटले.

"मले वाटलंच," किसनराव म्हणाले. "हे तुमच्या हातचं नाई. सोयरीक पक्की! पन इवाई, पोरगी आमी नेली का तुमचा माग कोन चालवन?"

सगळे हसले. शकुन तेवढी हसली नाही. ती खरंच माझ्या मागाच्या विचारात पडली होती, आणि मला त्या हसण्यापेक्षा तेच जास्त लागलं.