एक फळी राहिली

कल्याणच्या बंदरावर जोमाबाबा माणसांशी जेवढं बोलला असेल, त्याच्या दसपट तो मचव्यांच्या पोटांशी बोलला. मी बंदराच्या नाक्यावर कारकून होतो आणि त्याची कामाची जागा माझ्या खिडकीसमोरच होती, म्हणून हे मी खात्रीनं सांगतो. सकाळी मला बघून तो नुसती मान हलवायचा. शेजारी कलंडलेल्या मचव्याची मात्र लगेच विचारपूस सुरू व्हायची. "काय रं मचव्या, वरीसभर कुटं लोललास? पोटाला शिंपलं किती चिकटवून आनलंस बग!"

मचव्यांची पोटं साफ करणं हा त्याचा पिढीजात धंदा. समुद्रात फिरलेल्या लाकडाला खालून शेवाळ आणि शिंपले धरतात, कीड लागते. मग उधाणाच्या भरतीला मचवा काठावर चढवायचा, टेकू देऊन कुशीवर कलंडवायचा, खुरप्यानं खरवडायचा, पेंढा पेटवून शेकायचा, नारळाच्या सोडणानं घासायचा आणि शेवटी माशाच्या तेलात कालवलेल्या चुन्याचा जाड लेप द्यायचा. त्या तेलाच्या वासाबद्दल मी न बोललेलं बरं. जोमाबाबा आमच्या ओसरीवर टेकून गेला की आमची ही दोन दिवस ऊद जाळायची.

एकदा मुंबईहून एक गृहस्थ विलायती रंगाचे डबे घेऊन आले. खरवडायला नको, शेकायला नको, नुसता कुंचला फिरवा म्हणाले. जोमाबाबानं डब्यात बोट बुडवून हुंगलं आणि मचव्याकडे वळून म्हणाला, "मचव्या, आंगोल न घालता तुला नवा धोतर नेसवाला आलेत रं." गृहस्थ दुपारच्या गाडीनं डब्यांसकट परत गेले.

घासायला लागला की त्याला आवरायची सोय नव्हती. एका संक्रांतीला तो माझ्याकडे तिळगूळ घ्यायला आला. मी नाक्यावर होतो. झोपाळ्याची फळी त्याच्या हाताला खरखरीत लागली, एवढं निमित्त पुरलं. मी घरी येऊन बघतो तो फळी आरशासारखी, आणि माझ्या वडिलांनी तीवर हौसेनं कोरलेला मोर गायब! मी कपाळाला हात लावला. "मोर व्हता तो?" जोमाबाबा शांतपणे म्हणाला. "मना वाटला शिंपला."

अशा माणसाला एकच मुलगा, हिरू. त्यानं ऐन विशीत खुरपं टाकलं आणि तो मचव्यावर चढला. मला शिडं हाकायची आहेत, पोटं खरवडायची नाहीत, असं तोंडावर सांगून गेला. पुढं तांडेल झाला, म्हणजे सगळा मचवा त्याच्या हुकमात. दाभोळकडे लग्न करून तिथंच राहिला. लग्नाला बाप गेला नाही, म्हणून मुलगा फिरकला नाही. सात वर्षं गेली. दोघांत हट्टी कोण, हे ठरवायला पंच बसवले असते तर तेही हात टेकून उठले असते.

आणि कार्तिकी पौर्णिमेच्या भरतीबरोबर हिरूचा मचवा आमच्या बंदराला लागला. पोट साफ करून हवं होतं. दाभोळला काय माणसं नव्हती? पण हे मी त्याला विचारलं नाही आणि जोमाबाबानंही विचारलं नाही. त्यानं सरळ मचव्याशी बोलणं काढलं.

"मचव्या, तुज्या तांडेलाला सांग, दोन दिवस लागतील."

हिरू जरा थबकला. मग तोही बापाचाच मुलगा. "मचव्या, सांग बाबाला, परवाच्या भरतीला निघालाच होवा. ती चुकली का पानी उतरतंय, मंग अवसंच्या भरतीपरत हितंच बसाला लागंल."

दोन दिवस हा संसार असाच चालला. मी खिडकीतून बघत होतो आणि मला मनातून घोर लागला होता. आता बोलले नाहीत, तर हा मुलगा पुन्हा कधी येतोय! आणि जोमाबाबाचं वय काही उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी चढलं. लेप सुकला होता, खलाशी दोर धरून उभे होते. जोमाबाबा लेप न दिलेल्या एका फळीशी उकिडवा बसून म्हणाला, "एक फली राह्यली. शेवाल हाय."

जन्मात ज्यानं एक भरती चुकवली नव्हती, तो हे बोलत होता. खलाशी चिडले, तंटा वाढला, तेव्हा निवाड्याला मला खाली बोलावलं. मी धोतर खोचून चिखलात उतरलो आणि त्या फळीवरून हात फिरवला. फळी लोण्यासारखी होती. मी जोमाबाबाकडं पाहिलं. त्याची मान खाली होती आणि कोरडं खुरपं तो पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होता.

"शेवाळ आहे," मी म्हणालो. "चांगलं बोटभर आहे."

पाणी तेवढ्यात उतरायला लागलं. खलाशी मला आणि म्हाताऱ्याला शिव्या मोजत गावात निघून गेले. हिरू मागं राहिला. त्यानं स्वतः त्या फळीवरून हात फिरवला, सावकाश, दोनदा. मी म्हटलं, आता हा भडकणार. त्यानं खाली पडलेलं एक सोडण उचललं, बापाशेजारी बसला आणि ती स्वच्छ फळी घासायला लागला. दोघंही घासू लागले. मला तिथून हलवेना.

बऱ्याच वेळानं जोमाबाबानं घसा खाकरला. मचव्याकडं त्यानं पाहिलं नाही.

"हिरू, तुला पोर झाला म्हनं?"

"पोरगी हाय, बाबा."

"हां." थोडं घासून झालं. "मंग... चालते का रं?"

हिरूचा हात थांबला.

"चार वर्सांची हाय ती, बाबा," तो म्हणाला. "धावते."