सोवनी काकांची उलटी ओळ

नव्या फ्लॅटच्या दाराशेजारी मी हौसेने काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावली, त्यावर नाव कोरून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर काय, एक सत्तरीचे गृहस्थ माझ्या पाटीवर ओला कागद चिकटवून त्याला कपडे धुवायच्या ब्रशने धडाधड बडवत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"ठसा घेतोय. दार हळू लावा. कागदाला सुरकुती पडते."

मी मूळचा अकोल्याचा. आमच्याकडे शेजारी पहिल्यांदा आला की निदान चहा तरी मागतो. मी पार हबकलो.

हे वरच्या मजल्यावरचे सोवनी काका. बँकेतून निवृत्त, लग्न न केलेले, आणि प्राचीन ग्रीक शिलालेखांचे अभ्यासक. ग्रीस त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला. पण दगडावर ओला कागद ठोकायचा, वाळू द्यायचा आणि अक्षरांसकट उचलायचा, ही त्या विद्येतली पहिली पायरी. हात बसावा म्हणून ते सोसायटीतला दिसेल तो दगड ठोकत. भूमिपूजनाची कोनशिला झाली, चेअरमनची पाटी झाली, गणपतीच्या देवळातली देणगीदारांची फरशीसुद्धा सुटली नाही. त्यांच्या गॅलरीत कपड्यांपेक्षा कागद जास्त वाळत.

एकदा पाणी येणार नसल्याची सूचना फळ्यावर लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. पहिली ओळ डावीकडून. दुसरी उजवीकडून, अक्षरंही पाठमोरी. तिसरी पुन्हा डावीकडून. जुने ग्रीक म्हणे असंच लिहीत, नांगराचा बैल शेताच्या टोकाला वळतो तसं. कुणाला धड अर्थ लागला नाही आणि अर्धी सोसायटी बिनआंघोळीची ऑफिसला गेली. त्यात मीही होतो. जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "चूक कशावरून? एकाच बाजूने वाचायची सवय तुमची. त्याला मी काय करणार?"

"चूक कशावरून?" हे त्यांचं नेहमीचं.

माझी मुलगी सई तेव्हा पहिलीत होती. तिचा इंग्रजी ई उलटा, तिनाचा आकडा उलटा, कधी कधी अख्खं नावच उजवीकडून. शाळा नावाजलेली, प्रवेश मिळवताना माझी दमछाक झालेली. मुख्याध्यापिकांनी निरोप धाडला, भेटायला या आणि पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. सईने पेन्सिल धरणंच सोडलं. सकाळ झाली की पोटात दुखायचं. मी आणि बायको जिन्यात याच काळजीत बोलत होतो, ते काकांनी ऐकलं.

"मी येतो शाळेत," ते म्हणाले. मला तो पाण्याच्या सूचनेचा फळा आठवला.

आले ते कोट घालून, काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. मुख्याध्यापिकांच्या टेबलावरच्या फायली त्यांनी न विचारता बाजूला सारल्या आणि एक पिवळट जाड कागद पसरला. एका परदेशी प्राध्यापकांनी त्यांना टपालाने पाठवलेला, जुन्या ग्रीक शिलालेखाचा अस्सल ठसा.

बाईंनी कागदावर वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "कागद उलटा धरलाय तुम्ही."

"सुलटाच आहे. ही ओळ उलटी आहे. दगडावर लिहिणारा मोठा कारागीर होता, बाई. त्याला कुठल्या शाळेतून काढलं नाही कुणी."

तेवढ्यात माझ्या शेजारी उभी असलेली सई टाचा उंचावून ओरडली, "बाबा, हा माझा ई आहे!"

खरंच, दांड्या डावीकडे असलेला ई. ती त्याच्यावरून बोट फिरवत राहिली. मग टेबलावरची पेन्सिल उचलून तिने तो ई शेजारच्या फायलीवर काढला. बाईंनी ती फाईल उचलून त्यावरचा ई पाहिला. अखेर म्हणाल्या, "राहू दे इथेच. शिकवायचं कसं, ते आम्ही बघतो."

रिक्षात मी विचारलं, "काका, ग्रीकच कसं काय सुचलं तुम्हाला?"

"धाकटा भाऊ होता. वसंता. असाच उलटं लिहायचा. मास्तर झोडपायचे, वडील झोडपायचे. मीही म्हणायचो, मुद्दाम करतो. सातवीत घरातून निघून गेला." नळी त्यांनी दोन गुडघ्यांत घट्ट धरली होती. "बँकेत लागल्यावर वाचनालयात एका पुस्तकात या लेखाचा फोटो पाहिला. वसंताच्या वहीत असायची तशीच उलटी ओळ."

सई म्हणाली, "मग त्याला दाखवलात?"

"निघालो होतो की. पुस्तक पिशवीत घालून स्वारगेटला गेलो." ते बाहेर बघत होते. "कुठल्या गावाची एस.टी. धरायची, तेच माहीत नव्हतं गं."