साहेबांचा एकच ठिपका

सोसायटीच्या पाण्याच्या पाइपांचा नकाशा आपणच काढून देऊ, असं साहेब चहा पिता पिता बोलून गेले आणि त्यांच्या बायकोच्या रविवारचं वाटोळं झालं.

साहेब म्हणजे निवृत्त सर्व्हेअर. (निवृत्ती फक्त नोकरीतून, सल्ले देण्यातून नव्हे.) जमिनीखाली कुठेतरी पाइप फुटला होता. नकाशा मिळाला नाही तर सोमवारी प्लंबर अंदाजाने खणत सुटणार होता आणि त्याचा अंदाज नेमका बायकोच्या गुलाबांवरून जात होता.

"अहो, माझ्या गुलाबांना धक्का लागला तर बघा हं!"

"अगं, हयात गेली माझी मोजणीत. तू फक्त काठी धर."

लेकीने नकाशांचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिलं. फोनवर जागा कशी नोंदवायची तेही ती सांगायला लागली. "बाबा, एक लक्षात ठेवा..."

"मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून करतोय."

लेकीने कोपरापासून हात जोडले आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

साहेबांनी व्हरांड्यात आरामखुर्ची टाकली. बायको काठी घेऊन उन्हातान्हात एकेका व्हॉल्व्हवर जाऊन उभी राहायची. साहेब एक डोळा मिटून "काठी सरळ!" असं ओरडायचे आणि मांडीवरच्या फोनचं बटण दाबायचे. मध्येच सरबत मागायचे. तेही तिनेच आणून दिलं.

दुपारी लॅपटॉपवर नकाशा उघडला. सगळ्या पाइपलाइनच्या जागी एक ठिपका!

"माझे ठिपके खाल्ले यानं! फुकटचं ते फुकटचंच."

"या सॉफ्टवेअरच्या फोरमवर विचारा ना," लेक खोलीतून बाहेर येत म्हणाली. "जगभरातली माणसं मदत करतात तिथे."

साहेबांनी उभं राहून मजकूर सांगितला : "महोदय, खेदपूर्वक कळविण्यात येते की, आपले सॉफ्टवेअर कुचकामी आहे. तरी तातडीने कार्यवाही व्हावी." लेकीने इंग्रजीत लिहिताना खेद तेवढा ठेवला.

एकाने विचारलं, कोणतं व्हर्जन आहे? ("व्हर्जन काय विचारतो? माझा अनुभव विचार म्हणावं!") दुसरा म्हणाला, ठिपक्यांचा आकार लहान करून बघा. साहेबांनी केला. ठिपका पिसवेएवढा झाला, पण एकटाच राहिला. पुढचे दोघे भलत्याच मुद्द्यावरून एकमेकांशी भांडायला लागले. शेवटी 'घुबड' असं टोपणनाव घेतलेला कुणीतरी म्हणाला, फाइल पाठवा.

सोमवारी सकाळी प्लंबर कुदळ घेऊन फाटकात हजर झाला तेव्हाच घुबडाचं उत्तर आलं. लेक वाचता वाचता थांबली.

"काय म्हणतोय? चूक कबूल केली ना?" साहेबांनी विचारलं.

"ठिपके सगळे आहेत, बाबा. एकावर एक बसलेत. फोन जिथे असतो तीच जागा नोंदली जाते. आईच्या हातातली काठी फोनला दिसत नाही."

"असं कसं? आमच्या वेळी यंत्र एका जागी असायचं आणि काठीवाला फिरायचा!"

"आमच्या वेळी, आमच्या वेळी!" लेक म्हणाली. "फोन घेऊन फिरायचं, हेच तर मी काल सांगत होते!"

"म्हणजे काल मी उन्हात..." बायकोने वाक्य अर्धंच सोडलं. कोपऱ्यातली काठी उचलली आणि ती प्लंबरला म्हणाली, "चला दादा. सगळ्या व्हॉल्व्हांवर उभी राहून झालंय माझं."

एकही जागा चुकली नाही. पाइप जिन्यापाशी फुटलेला निघाला आणि गुलाबांचं पानही हललं नाही. साहेबांना व्हरांड्यातून सगळं व्यवस्थित दिसत होतं.

हातपाय धुऊन बायको आत आली. "आणखी काय लिहिलंय गं त्या घुबडानं?"

लेक ओठ दाबत वाचायला लागली, "इतक्या स्थिर नोंदी मी आजवर पाहिल्या नाहीत. फोन धरणारा माणूस सकाळभर जागचा हललेला नाही."

बायको हात पुसता पुसता थांबली.

"याची प्रिंट काढ," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी सांगतेय. बाहेरच्या माणसाने पहिल्यांदाच लेखी दिलंय."