कक्कांची मिशी

तोकुजी न्हाव्याच्या खुर्चीत साक्षात गव्हर्नर येऊन बसले आणि तोकुजी धार लावलेल्या वस्तऱ्यालाच पुन्हा धार लावायला लागला. नव्या पुलाच्या उद्घाटनासाठी आलेले साहेब शेजारच्या खानावळीत उतरले होते. तिथलाच साधा किमोनो अंगावर घालून ते दाढीला आले होते.

"नीट 'कक्का' म्हणा हं, महामहिमांना तसंच म्हणतात," बायको ओसेन पडद्याआडून कुजबुजली. "एवढ्या मोठ्या हुद्द्याला नुसतं साहेब म्हणालात, तर दुकान गेलंच म्हणून समजा!"

तोकुजीनं हा शब्द जन्मात उच्चारला नव्हता. गाल झाले, हनुवटी झाली, तरी त्याची जीभ काही रेटेना. आणि गव्हर्नरांची ती मिशी! काय तिचा रुबाब! तिच्याकडे बघूनच माणसानं चपला काढाव्यात. आता फक्त तिची टोकं सारखी करायची राहिली होती.

"ए, झालं का?"

"होय, कक्का!" तोकुजी कसाबसा म्हणाला, आणि शब्दासरशी कमरेत वाकला. हा शब्द उच्चारून ताठ उभं राहणं आमच्या गावात कुणाला जमायचंच नाही. तो वाकला, त्याच्याबरोबर वस्तराही वाकला, आणि अर्धी मिशी मांडीवर पडली.

"अगं आई गं!" पडद्याआडून आवाज आला.

गव्हर्नरांनी आरशात बराच वेळ पाहिलं. "उरलेलीही काढ," ते म्हणाले. "उद्घाटन होऊ दे, मग तुझ्या दुकानाचं बघतो."

ते खानावळीच्या दारात पोहोचले, तर पहाऱ्यावरच्या पोलिसानं आडवा हात घातला. "ए बाबा, हो बाजूला! कक्का उतरलेत इथं."

"मीच तो!"

"हो का? आणि मी कोण, तुमचा दिवाण? चल, सरक!"

तोकुजी दुकानातून बघत होता. ओसेननं त्याची बाही घट्ट धरली. "गप्प बसा! त्यांना कुणी ओळखलंच नाही, तर आपलं दुकान कोण बंद करणार?"

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. पण एवढा मोठा माणूस धक्के खातोय, हे तोकुजीला बघवेना. तो धावत गेला आणि भर रस्त्यात चिखलात कपाळ टेकून ओरडला, "कक्का!"

पोलीस पांढराफटक पडला. "तोकुजी, खरंच?" एवढं विचारेपर्यंत तोही खाली गेला होता. मग कोळीण वाकली, हमाल वाकला, बघता बघता सगळी गल्ली वाकली. आपल्या तोंडून निघालेल्या एका शब्दात एवढं बळ! तोकुजीच्या अंगावर सरसरून काटा आला.

गव्हर्नर त्याच्या कानाशी वाकले.

"अहो तोकुजीसान," ते हळूच म्हणाले, "पुलापर्यंत माझ्यापुढं चालाल का? आणि तेवढं मोठ्यानं म्हणत राहा."